चौतीसवर थांबणारी सुई

६ जानेवारी १९७६, सांगली

लॅब असिस्टंट कोळेकरांनी बारा घाण्यांचा तक्ता आणून दिला. प्रयोगाच्या एका खेपेला ते घाणा म्हणतात, गुऱ्हाळातल्यासारखं. आता माझ्याही तोंडी तेच बसलंय. प्रत्येक घाण्याला यीस्ट वेगळं. कधी पाच ग्रॅम, कधी दहा, कधी वीस. कधी बेकरीतलं ताजं, कधी साखर कारखान्यातून आलेलं दोन दिवसांचं शिळं. वाळूत खलायचं, रस गाळायचा, साखर घालायची, तासाभराने रंग चढवून कलरीमीटरची सुई कुठे थांबते ते बघायचं. साखरेला किती फॉस्फेट जोडलेलं राहिलं ते त्यावरून कळतं.

बारा आकडे: ३४, ३४, ३३, ३४, ३५, ३४, ३४, ३४, ३३, ३४, ३४, ३४.

असं कुठे असतं? पाच ग्रॅमलाही ३४ आणि वीस ग्रॅमलाही ३४!

कोळेकर समोर उभे, टाचा जुळवून. म्हणाले, "बाई, समदे कसे येका रांगेत आल्यात बगा." खूश होते. मला ती खुशीच खटकली.

७ जानेवारी

तक्ता चार वेळा पाहिला. झोप नीट नाही.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सांगतं: एन्झाइम साखरेला फॉस्फेट जोडतं, ते नंतर आपोआप सुटतं. म्हणून यीस्ट दुप्पट तर आकडा दुप्पट. इतक्या छोट्या जाळ्यात दुसरं काही होऊच शकत नाही. बाहेर काहीही बदललं तरी पेशीने आपला आकडा सोडायचा नाही, याला माझे मार्गदर्शक सर स्थैर्य म्हणतात, मी चिवटपणा म्हणते. तो यायला क्रियांचं मोठं जाळं लागतं, एकमेकांत अडकलेलं. हे सिद्ध करायला पाच वर्षं गेली. मे महिन्यात प्रबंध द्यायचा आहे.

आणि एक लॅब असिस्टंट मला चौतीस दाखवतो.

८ जानेवारी

दोन तास मोकळे होते. मी गणिताची, तरी रसायनच्या प्रयोगशाळेत उगाच बसले, वह्या तपासायचं निमित्त. कोळेकर रीडिंग घेताना पाठ अशी करतात की सुई दिसू नये. शेजारी शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी. तिच्यावर काहीतरी लिहिलं, वहीत एक आकडा उतरवला आणि पाटी पुसली. ओल्या फडक्याने. नंतर कोरड्याने. एवढी स्वच्छता कशाला?

बिरू कोळेकर, कवठे महांकाळकडचे. घरची मेंढरं. हे लष्करात गेले, तिथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढली, हवालदार होऊन परतले. इथली नेमणूक दर वर्षी जानेवारीअखेर वाढवून मिळते. म्हणजे बाईंना खूश ठेवायला कारण आहे.

ह्यांना सांगितलं. हसले. "लग्नात मंगळसूत्र गळ्यात पडल्यावर तू वाटी दाबून बघितली होतीस." बघितली होती. त्यात काय चुकलं?

११ जानेवारी, रविवार, सातारा

सकाळच्या एस. टी.ने सरांकडे. कराडपर्यंत उभी. सरांनी तक्त्यावरून बोट खाली नेलं, परत वर आणलं.

"सजीव वस्तू इतकी शिस्तीत वागत नाही. ही शिस्त माणसाची आहे."

मी म्हटलं, समीकरणात तर काही...

"समीकरण मी दोनदा तपासलंय. तुमचं प्रकरण ठीक आहे. माणूस बदला."

बरं वाटलं. फार बरं वाटलं. परतीच्या गाडीत मात्र मनात आलं, सरांना इतक्या पटकन कसं पटलं? तिसऱ्या प्रकरणाची मूळ कल्पना त्यांची आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. कोळेकरांनी तिळगूळ दिला. "घरच्या तिळाचा हाय." खाल्ला. चांगला होता, म्हणून जास्तच राग आला.

१९ जानेवारी, सोमवार

आज मी एक गोष्ट केली. इथे लिहून ठेवते, कुणाला सांगायची नाही.

मधल्या सुट्टीत कोळेकर डबा खायला गेले. वीस ग्रॅम यीस्ट मोजून झाकून ठेवलेलं होतं. मी त्यातलं निम्मं काढलं आणि मोरीत सोडलं. उरलेलं पसरून ठेवलं, कमी दिसू नये म्हणून. पाच मिनिटंही लागली नाहीत.

खरा माणूस असेल तर नेहमीच्या निम्मा आकडा येईल. सतराच्या आसपास.

२० जानेवारी

३४.

सापडला.

२१ जानेवारी

सरळ विचारलं. पाटीवर काय लिहिता आणि पुसता का?

"आवं बाई, रीडिंग तीनदा घ्यायाचं. मधलं ल्ह्यायाचं. बाकीची दोन पुसायाची. आमच्या मेजरसायबानं शिकवलं तसं."

ती दोन कुठे आहेत?

"पुसली की."

म्हणजे पुरावा नाही. मी म्हटलं, हे आकडे मनाने लिहिलेले आहेत असं कुणी म्हटलं तर?

"कुणी म्हनलं?"

मी वह्या उचलल्या. तास होता.

२३ जानेवारी

प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. एक पान. 'निरीक्षणे विश्वासार्ह नाहीत. नमुन्यातील बदलाचा आकड्यांवर कोणताही परिणाम दिसत नाही.' निम्मं यीस्ट मी काढलं होतं हे लिहिलं नाही. 'नमुन्यातील बदल' यात ते येतं.

हे म्हणाले, "आधी तोंडी सांगायचं होतंस. दिवस कसले आहेत?" खरं आहे. आणीबाणी आहे. एकदा अर्ज गेला की कुणी उलट विचारत नाही. पण मला चौकशी हवीच होती. चौकशीला कोण घाबरतं?

२६ जानेवारी

झेंडावंदन. दोरी कोळेकरांनी बांधली. दर वर्षी तेच बांधतात. सलाम करताना त्यांच्या बाहीची इस्त्री दिसली. मी दुसऱ्या रांगेत उभी होते.

३१ जानेवारी, शनिवार

चौकशी वगैरे काही झाली नाही. प्राचार्यांनी सगळ्या शास्त्र विभागांना रसायनच्या खोलीत बोलावलं, अकरा वाजता, आणि माझा अर्ज मोठ्याने वाचला. माझ्या नावासकट. मग म्हणाले, कोळेकरांची मुदत वाढवलेली नाही.

चौदा माणसं होती. कोळेकर म्हणाले, "बाई म्हनत्यात तर मग ऱ्हायलंच." टेबल पुसलं, बाटल्या लेबल पुढे करून लावल्या, किल्ल्या दिल्या. माझ्याकडे बघतील असं वाटलं होतं. बघितलं नाही.

मी खरं तेच लिहिलं होतं. मग जेवणाचं ताट तसंच का सारलं?

१० फेब्रुवारी

नव्या साहाय्यकाचे सहा घाणे झाले: २७, ४१, ३०, ३९, ३६, ३१. पसरट, ओबडधोबड. सरांना कळवलं. त्यांचं कार्ड आलं: 'आता आकड्यांत जीव आला.'

१२ फेब्रुवारी

आलेखावर टिंबं टाकली. रेषाच बसेना. ४१ पाच ग्रॅमचा आहे, २७ वीस ग्रॅमचा. माझ्या प्रकरणाप्रमाणे बरोबर उलटं हवं.

नवा माणूस सुई शून्यावर आणत नाही. विजेचा दाब खालीवर झाला की सुई नाचते आणि हा नाचतानाच वाचतो. एकदाच वाचतो.

सहज सरासरी काढली. ३४.

पुन्हा काढली. ३४.

योगायोग असेल. मला योगायोगाचाही संशय येतो.

१८ फेब्रुवारी

पहिल्या वर्षाचे पेपर तपासत होते. एका पोरीने समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा य छाटला आणि पुढे गेली. लाल शाईने लिहिलं: 'य शून्य नाही हे कुठे लिहिलंय?' दर वर्षी पन्नास वेळा लिहिते. चहाचा पेला उचलला आणि तसाच ठेवला.

दोन्ही बाजूंना य.

त्याच पेपराच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडलं. (पोरीला आता दुसरी पुरवणी जोडून द्यावी लागेल.) य म्हणजे एन्झाइम, क्ष म्हणजे आपला आकडा. मी धरलं होतं की फॉस्फेट आपोआप सुटतं. का धरलं? कारण समीकरण सोपं होतं. समजा आपोआप सुटत नाही. समजा सोडवणारं एन्झाइमच आहे.

जोडण्याचा वेग = अ × य
सुटण्याचा वेग = ब × य × क्ष

दोन्ही सारखे झाले की आकडा थांबतो. य छाटा. क्ष = अ भागिले ब. यीस्ट कुठेच नाही. पाच ग्रॅम घ्या नाहीतर वीस.

लगेच शंका: जोडणारं एक आणि सोडवणारं दुसरं असेल तर? दोन्ही यीस्टमधलीच, यीस्ट दुप्पट केलं तर दोन्ही दुप्पट, तरी आकडा तोच. बरोबर. पण शिळ्या यीस्टमध्ये, कारखान्याच्या यीस्टमध्ये दोघांचं प्रमाण तेच राहायचं कारण नाही. तिथे आकडा हलायला हवा होता. कोळेकरांच्या तक्त्यात हललेला नाही. म्हणजे एकच हात जोडतो आणि तोच सोडवतो. मग हात किती आहेत याला अर्थ राहत नाही.

मोठं जाळं लागतच नाही. दोन ओळींत चिवटपणा. तिसरं प्रकरण गेलं.

हे सगळं लिहिताना मला आनंद होत होता. खरंच होत होता, खोटं कशाला लिहू? मग मोरी आठवली.

१९ फेब्रुवारी

निम्मं यीस्ट काढलं तरी ३४ च यायला हवं होतं. माणूस खरा असता तरी ३४, लबाड असता तरी ३४. माझ्या सापळ्यात काहीच अडकू शकत नव्हतं. तो सापळा मी चुकीच्या समीकरणाला विचारून लावला होता.

खरा सापळा सोपा होता. यीस्ट उकळून द्यायचं. मेलेलं यीस्ट, य शून्य, छाटता येत नाही. तिथे लबाड माणसाने ३४ लिहिलं असतं. मला सुचलं नाही. मी पोरांना लाल शाईने जे विचारते ते स्वतःला विचारलं नाही.

वर्गात आज दोनदा चुकले.

२२ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना प्रयोगशाळेत नेलं. मी यीस्ट मोजायचं, बाटल्यांवर अक्षरं टाकायची, ह्यांनी फक्त सुई वाचायची. कशात काय आहे ते ह्यांना माहीत नाही. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नाही, मला आता ३४ हवं आहे.

हे पाटबंधारे खात्यातले, नदीची पातळी वाचायची सवय. दर वेळी सुई शून्यावर आणून तीनदा वाचायला सांगितलं. पहिल्या बाटलीला ३१, ३८, ३४. मधला ३४. दुसरीला ३३. तिसरीला ३५. चौथीला ३४. पाच ग्रॅम, वीस, शिळं, निम्मं काढलेलं.

पाचव्या बाटलीत उकळलेलं. ४.

"ही बाटली आजारी दिसते," हे म्हणाले. मी हसले नाही. स्टुलावर बसून राहिले. ह्यांनी विचारलं, "तुझं बरोबर आलं की चुकलं?" मी म्हटलं, दोन्ही.

तीनातला मधला घेतला की आकडे आपोआप एका रांगेत येतात. एवढं साधं. मेजरसाहेब कोण होते कुणास ठाऊक, गणित चांगलं होतं त्यांचं.

तरीही. बारापैकी बारा कोळेकरांनी खरंच घेतले असतील का? एखाद्या दिवशी कंटाळा, एखाद्या दिवशी वीज नाही, आणि येणार तर ३४ च आहे म्हणून... असंही झालं असेल. पाट्या पुसल्या गेल्या. हे मला कधीच कळणार नाही. आणि मी अशी आहे की हे डोक्यातून जाणार नाही.

२९ फेब्रुवारी, रविवार, सातारा

सरांनी दोन ओळी वाचल्या. चष्मा काढून पुन्हा वाचल्या. "हे मोठं आहे," म्हणाले. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तिसरं प्रकरण काढून टाकू, हे घालू, मे नाही तर सप्टेंबर. स्वतःची कल्पना पडल्याचं दुःख दिसलं नाही. मी उगाच संशय घेतला होता. नोंद करून ठेवते.

मग कोळेकरांचं काढलं, मोरीचंही सांगितलं.

"ते आता उकरू नका."

त्यांची नोकरी गेलीय, सर.

"तुम्ही नमुन्यात हात घातलात. लपवून. हे बाहेर आलं की लोक म्हणतील, बाईंनी तेव्हा हात घातला, आता कशावरून घातला नाही? तुमच्या नव्या आकड्यांना कोण विचारेल? दुसऱ्याकडून नव्याने प्रयोग करून घ्या. कोळेकरांचे आकडे वापरूच नका. त्यांचं नावही नको."

सर दुष्ट नाहीत. ते बोलले त्यातला शब्दन् शब्द बरोबर आहे. मी कागद गोळा करून उठले.

७ मार्च, रविवार, कवठे महांकाळ

इथल्या स्टँडवर बसून लिहितेय. मिरजेची गाडी तासाने आहे.

पिशवीत सहा बाटल्या नेल्या होत्या, चिठ्ठ्या चिकटवून, कशात काय ते फक्त मला माहीत. बेत असा: कोळेकरांना परत सांगलीला आणायचं, प्राचार्यांसमोर ह्या बाटल्या वाचायला लावायच्या. उकळलेली ओळखली की झालं, सिद्ध. फार हुशारीचा बेत वाटत होता.

घर गावापासून दूर, माळावर. कोळेकर बाभळीखाली मेंढरांची लोकर कातरत होते. कातरणी थांबवली नाही. त्यांच्या मंडळींनी पाणी आणि गुळाचा खडा दिला, आणि आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत.

मी सगळं सांगितलं. मोरीचं सुद्धा. ते मान खाली घालून ऐकत होते. मेंढरू सोडलं, दुसरं धरलं.

"निम्मं काडलं हुतं व्हय?" म्हणाले. "तरीच. त्या दिवशी रस कमी निगाला. मला वाटलं, आपलंच मोजाय चुकलं. दोन दीस डोक्यात हुतं."

मग मी बाटल्या काढल्या. बेत सांगितला.

"न्हाई," म्हणाले.

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, सगळ्यांना कळेल तुम्ही खरे होता.

"बाई, तुमी मला पुन्यांदा पारखाय आलाय. मी न्हाई पारखून घ्यायाचो. येकदा झालं ते लय झालं."

पण मला आता माहीत आहे की आकडा ३४ च यायला हवा.

"कसं म्हाईत?"

गणितावरून.

तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं. "मी सांगत हुतो तवा पटलं न्हाई. गनित म्हनलं तवा पटलं. मग गनितालाच घेऊन जावा की सांगलीला. मला कशाला?"

मी म्हटलं, मी प्राचार्यांना पत्र देते, तक्रार मागे घेते, कारणासकट.

"पत्र नगं. पत्र फायलीत जातं. त्या खोलीत वाचलं हुतं न्हवं? चौदा जन हुती. त्याच खोलीत, त्याच मानसांम्होरं सांगा. तोंडानं." मेंढराच्या अंगावरून हात फिरवला. "मग बगू."

बाटल्या परत पिशवीत. मिरजेपर्यंत खुळखुळ वाजत राहणार.

१० मार्च, सांगली

प्राचार्यांना मोरीचं सांगितलं, तक्रार त्याच खोलीत सगळ्यांसमोर मागे घेते म्हटलं. ते म्हणाले, "पत्र द्या, फायलीला लावतो. तोंडी कशाला? तुमचंच हसं होईल."

मी म्हटलं, तोंडीच.

"प्रबंध द्यायला कॉलेजचं ना-हरकत पत्र लागतं, लक्षात आहे ना? नमुन्यात ढवळाढवळ केली असं तुम्ही स्वतःच जाहीर केलंत, तर मी कशाच्या जोरावर सही करू?"

धमकी होती का? त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. काळजीही असेल. त्यांनी पेन उघडझाप केलं आणि म्हणाले, सोमवारी पंधराला अकरा वाजता शास्त्र विभागांची बैठक आहेच. पाच मिनिटं मिळतील. जबाबदारी तुमची. कोळेकरांची नेमणूक परत होईल असं मात्र मी काही म्हणत नाही.

बाहेर येऊन कोळेकरांना कार्ड टाकलं. वार, तारीख, वेळ, खोली. खाली काय लिहावं कळेना, नुसती सही केली.

१३ मार्च

उत्तर नाही. कार्ड पोचलंच नसेल का? की पोचलंय आणि... नव्या साहाय्यकाने आज विचारलं, "मॅडम, सोमवारी काय आहे?" म्हणजे बातमी फुटली. कुणी फोडली असेल? तीन जणांवर संशय आहे. त्यांत आमचे हेही आहेत.

१४ मार्च, रविवार

काय बोलायचं ते लिहायला बसले. पहिला मसुदा दोन पानं झाला. त्यात समीकरण होतं, विजेचा दाब होता, नव्या साहाय्यकाची चूक होती, सरांचं मत होतं. मी फारच थोडी होते त्यात. फाडला.

ह्यांनी मसुदा वाचला होता, फाडायच्या आधी. म्हणाले, "एक विचारू? कोळेकरांनी एखादा आकडा खरंच मनाने लिहिला असेल तर?"

असेल, म्हटलं.

"मग उद्या उभी राहून तू ते खरे होते म्हणणार?"

नाही. तसं मी म्हणूच शकत नाही. मला ते माहीत नाही, कधी कळणारही नाही. दिवसभर ह्याच जागी अडकून पडले होते. कणिक मळताना सुटलं. त्यांच्याबद्दल मला उद्या काहीच सांगायचं नाहीये. १९ जानेवारीला मधल्या सुट्टीत झाकण कुणी उचललं, निम्मं मोरीत कुणी सोडलं, अर्जात ते कुणी लिहिलं नाही, एवढंच सांगायचं आहे. ह्या सगळ्या प्रकरणात संशय घ्यायला जागा नाही असं तेवढंच एक आहे.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी माझी जरीकाठी साडी इस्त्रीला काढून ठेवली, मी न सांगता.

कोळेकरांचं कार्ड आजही नाही. उद्याची तिकडची पहिली गाडी मिरजेत नऊला पोचते, तीत असतील तर अकराच्या आत येतील. मी साडेदहाला निघणार.